डॅकमधला दोष

कानाच्या डॉक्टरने टेबलावरून एक कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "काका, दोन्ही कानांना मशीन लावावी लागणार." माझं डोकंच फिरलं. कागदावर एक रेघ होती. डावीकडून बरी सरळ येत होती आणि मध्यावर पोचल्यावर कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. म्हटलं, "तुमच्या त्या तपासायच्या खोलीचं दार नीट लागत नाही. बाहेर रिक्षावाला बोंबलतोय तो आत ऐकू येतो. आधी दार दुरुस्त करा, मग माझे कान बघा." तो पुढे काहीतरी बोलत होता. मी उठून बाहेर आलो. बायको मागे थांबून त्याची समजूत काढत बसली, याचाही मला राग आला.

मी तीस वर्षं जहाजाच्या इंजीनरूममध्ये काढलेला माणूस. सगळ्यात खालचा इंजिनियर म्हणून चढलो आणि चीफ म्हणून उतरलो. नुसत्या कानाने सांगायचो, हे बेअरिंग आठ दिवसांत जाणार. आणि जायचं. कानावर घालायच्या टोप्या कंपनी देते, माझ्या कायम खिळ्याला. हाताखालचा कोणी घालून आला तर मी ओरडायचो, "मुंडावळ्या काढ त्या! कान झाकून इंजीन कळतं होय रे?" अशा माणसाला तो काल परवा दवाखाना उघडलेला डॉक्टर कानाला मशीन लावायला सांगतो. शिंच्या, तुझ्या वयाइतकी माझी वर्षं समुद्रात गेली.

त्यात माझी एकच गोष्ट अडकलेली होती. जहाजावर असताना मला गाणं नीट कधी ऐकताच आलं नाही. आधी कॅसेटी जमवल्या, मग सीडी, मग सगळं हार्डडिस्कवर घेतलं. पण चालत्या जहाजात भिंत थरथरते, उशी थरथरते, दात थरथरतात. त्यात कसलं ऐकणार? म्हणून ठरवलं होतं, उतरलो की रत्नागिरीत सड्यावर घर बांधायचं, एक खोली नुसती ऐकण्यासाठी ठेवायची, आणि उत्तमातलं उत्तम यंत्र आणून उरलेलं आयुष्य गाणं ऐकत बसायचं. मी मुलांची लग्नं चुकवली नाहीत, पण बारशी चुकवली, आईची शेवटची दिवाळी चुकवली. हे एक स्वतःसाठी राखून ठेवलेलं होतं. आणि हा म्हणतो, ते गेलं. म्हटलं, दाखवतोच तुला.

खोली झाली, स्पीकर आले, अॅम्प्लिफायर आला. आणि आवाज? बोंब! माझ्याकडे एका जुन्या बैठकीचं ध्वनिमुद्रण आहे, गाणाऱ्याच्या मागे सारंगी आहे. सारंगीचा गज तारेवर टेकतो तेव्हा सूर निघायच्या आधी एक बारीकशी खरखर येते. बंदरात जहाज उभं असताना हेडफोन लावून ती मी शेकडो वेळा ऐकलेली. माझ्या त्या महागड्या खोलीत ती गायब. गाणाऱ्याचा आवाज भरदार, तबल्याचा डग्गा छातीत वाजतोय, पण वरती सगळ्यावर कोणीतरी गोधडी टाकलेली.

इंजीनरूममध्ये दोष शोधायची एक रीत असते. एका टोकाकडून निघायचं, एकेक वस्तू बदलायची, एका वेळी एकच, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं. अंदाजाने काही ठोकायचं नाही. तसाच लागलो. तारा बदलल्या. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मागे ढकलले. पडदे आवाज खातात म्हणून पडदे उतरवले. बायकोने दोन दिवस अबोला धरला, कारण समोरच्या बिल्डिंगीतून थेट आमचं ताट दिसायला लागलं. मग अर्थिंग. सड्यावर खाली सगळा जांभा, त्यात अर्थिंग धरत नाही. नवा खड्डा मारून घेतला, मीठ-कोळसा भरला, रोज सकाळी त्याला कळशीभर पाणी घालायला लागलो. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, "काय हो, तुळस लावलीत की काय?" मी कळशी उपडी केली आणि आत आलो. गोधडी होती तिथेच होती.

उरला डॅक. हार्डडिस्कवर गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, त्या आकड्यांचा परत आवाज करणारा जो डबा असतो, तो डॅक. माझा साधाच होता. म्हटलं, सापडला चोर.

रत्नागिरीत असले डबे कोणी ठेवत नाही. कोल्हापूरचा एक विक्रेता घरी आणून ऐकवतो असं कळलं. चाळिशीचा गडी, आंबा घाट उतरून, हातखंब्याला चहा पिऊन, गाडीत तीन डॅक घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. तेव्हाही नव्हता, हे आता लिहितोय. चपला बाहेर काढल्या, बायकोला "काकू, पाणी द्या की जरा" म्हणाला, आणि पहिला डबा जोडून लगेच त्याची स्तुती सुरू केली. "काका, ह्याचा आवाज बघा कसा गोड हाय. अगदी उसाचा रस."

"रस नंतर," मी म्हटलं. "आधी तिघांचा आवाज एका पातळीवर आण. जो मोठा वाजतो तोच बरा वाटतो, एवढं कळतं मला." स्पीकरच्या टोकांना माझा सुईचा मल्टिमीटर लावून मी स्वतः पातळी जुळवली. तो बघतच राहिला. मग एकच तुकडा, तिन्ही डब्यांवर, पाळीपाळीने. मास्तरांना पण बोलावलं होतं, कारण साक्षीदार असावा.

पहिला डबा लागला. बायको म्हणाली, "किती छान! तो माणूस इथे बसून गातोय असं वाटतंय." मास्तर डोळे मिटून मान हलवायला लागले. मला ती गोधडी दिसत होती. म्हटलं, "मेलेलं आहे हे. पुढचा लाव." दुसऱ्यालाही तेच. तिसरा सगळ्यात महाग. किंमत इथे लिहीत नाही, कारण बायको हे वाचणार आहे. त्याला आवाजाची धार बदलायची सोय होती. ती मी वरवर नेत गेलो आणि कुठेतरी, अगदी पुसट, खरखर आल्यासारखी वाटली. मी मांडीवर थाप मारली. "हा! ह्याला म्हणतात डॅक!" वळून बघतो तर बायकोने पदर कानाशी धरलेला आणि मास्तर दाताला कळ लागल्यासारखे बसलेले.

"अहो, टाचण्या टोचतायत कानात," बायको म्हणाली.

"तुम्हाला सवय नाही खऱ्या आवाजाची," मी म्हटलं. "जन्मभर ट्रान्झिस्टर ऐकलात."

विक्रेता चाचरत म्हणाला, "काका, पहिलाच घ्या, स्वस्त पण हाय. हा इतका वर नेऊन कोण ऐकत न्हाई ओ." आता विक्रेता स्वतः स्वस्तातलं घ्या म्हणतोय, तर शहाण्या माणसाने कान टवकारावेत की नाही? मला वाटलं, हा मला पारखायला निघालाय. घाटावरचा येऊन कोकणातल्या चीफ इंजिनियरला शिकवतोय. महागातलाच घेतला.

दोन दिवस मी खूष होतो. तिसऱ्या दिवशी खरखर परत दिसेना. म्हणजे पहिल्या दिवशी तरी ती होती का, हा प्रश्न एखाद्याने स्वतःला विचारला असता. मी विक्रेत्याला फोन लावला आणि धुतला. मग दुसऱ्यांदा धुतला. कंपनीला कळवायला लेखी पाहिजे असा त्याचा मेसेज आला, तर मी इंजीनरूमच्या थाटात अहवाल लिहून पाठवला: लक्षण, केलेली तपासणी, काढलेला निष्कर्ष, दोष डॅकमध्ये. त्याने बिचाऱ्याने डबा बदलून नवा पाठवला. तोही तसाच. मी म्हटलं, अख्खी बॅच सडकी आहे.

त्या दिवसांत मी सगळ्यांवरच खवळलेला असायचो. तिन्हीसांजेला ओट्यावर बसायचो आणि सड्यावर चिडीचूप. लहानपणी ह्याच सड्यावर रातकिड्यांनी डोकं उठवलेलं असायचं. माझी खात्री झाली की कलमांवरच्या फवाऱ्यांनी सगळे मेले. इथल्या एका पेपरात पत्र दिलं. चांगलं झणझणीत छापून आलं. नाक्यावर दोन बागायतदारांशी भांडलो. हापूस विकता आणि रातकिडे मारता, काय माणसं आहात का कोण! ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, शरमले.

शेवटी तिसऱ्या खेपेला विक्रेता स्वतः आला. ह्या वेळी उसाचा रस वगैरे काही नाही. एक लॅपटॉप आणि एका तिकाटण्यावर बोटाएवढा माइक. म्हणाला, "काका, भांडण नको. खालपासून वरपर्यंत सूर सोडतो. माइक काय ऐकतो ते पडद्यावर दिसेल. जिथं आवाज संपला वाटतो तिथं हात वर करा. तिथं डबा कमी पडला तर आत्ता घेऊन जातो, पैसे परत."

"सोड," मी म्हटलं.

सूर खालून निघाला. घूं करत चढला, शिट्टीसारखा झाला, बारीक झाला, आणि संपला. मी हात वर केला. "बघ! संपला इथे. सांगत होतो की नाही?" मी विजयी होऊन बघितलं तर विक्रेता माझ्याकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता. पडद्यावर रेघ चालली होती, सरळ, जराही न वाकता. आणि स्वयंपाकघराच्या दारात बायको दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती. तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडत होती, "बंद करा हो ते!" मास्तर कुंपणापाशी येऊन बघत होते, काय चाललंय म्हणून.

स्पीकरमध्ये शांतता होती. म्हणजे मला होती.

मी उठलो आणि त्या माणसाचा माइक तिकाटण्यासकट आडवा केला. "तुझा मीटर खोटा. तू खोटा. माझ्या घरात येऊन मला वेडा ठरवतोस? चालता हो!" आणखीही बोललो. त्याच्या बापावर गेलो. त्याने सामान गोळा केलं, बायकोला नमस्कार केला आणि गेला. मास्तर आत आले होते. त्यांनी आपलं म्हणायचं ते म्हणून घेतलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी त्यांनाही हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी माझा मल्टिमीटर काढला. तो खोटा नव्हता. तो माझ्याबरोबर अर्धं जग फिरलेला. तसाच बारीक सूर इंटरनेटवरून उतरवून लावला आणि स्पीकरच्या टोकांना मीटर जोडला. सुई उभी राहिली. स्पीकरला कान टेकवला, काही नाही. डावा टेकवला, काही नाही. सुई तिथेच. सूर बंद केला, सुई पडली. लावला, चढली. मी दहा वेळा केलं. एका टोकाकडून निघून एकेक वस्तू तपासत गेलो होतो, आणि शेवटी बदलायची राहिलेली वस्तू खुर्चीत बसलेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरने फुकट सांगितलं होतं.

बायको पिशवी घेऊन दारात आली आणि मी तिच्यावर तुटून पडलो. "तुला माहीत होतं?"

तिने पिशवी खाली ठेवली. "चार वर्षं."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. मग तुम्ही आठ दिवस जेवणाचं ताट आपटत होतात. पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणालात, तुम्ही सगळे पुटपुटता. मग सोडून दिलं." तिचा आवाज चढला होता. ती कधी आवाज चढवत नाही. "मी तुम्हाला चहासाठी हाक मारते का? आठवा. कधीपासून नाही मारली?"

आठवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन मूठ तोंडाशी नेते, म्हणजे चहा. दोन बोटं उभी केली की फोन. मान कापल्यासारखा हात फिरवला की बंद करा. ह्या हातांच्या खुणा इंजीनरूमच्या आहेत. दोन वेळा ती माझ्याबरोबर जहाजावर आली होती, तेव्हा खाली उतरून बघून शिकली. तिथे कानाशी तोफ डागली तरी ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. घरात ती तसे हात करायची तेव्हा मला वाटायचं, ही लाडात आलीय, जुन्या दिवसांची आठवण काढतेय. मी पण ऐटीत हात करून उत्तर द्यायचो!

"आणि तुमचे ते रातकिडे," ती म्हणाली, "कुठेही गेलेले नाहीत. रोज संध्याकाळी एवढे बोंबलतात की मी खिडकी लावून घेते. पेपरात पत्र गेलं तेव्हा मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. नाक्यावर लोक हसतात तुम्हाला. नात फोनवर काही विचारते, तुम्ही 'हो, हो' म्हणता. परवा ती विचारत होती, आजोबा, माझा राग आलाय का? हो, हो म्हणालात. रडत होती पोर."

मला एवढा राग आला होता आणि तो काढायला कोणी उरलं नव्हतं. खिळ्यावरच्या त्या टोप्या डोळ्यांपुढे आल्या. हाताखालची माणसं आठवली. मुंडावळ्या काढ म्हणून ज्यांना ओरडलो, त्यातले किती जण आज कुठल्या गावात कोणावर तडतडत असतील? मूर्ख, मूर्ख माणूस. स्वतःचं घालवलंस ते घालवलंस.

बऱ्याच वेळाने मी तिला आत बोलावलं आणि खुर्चीत बसवलं, माझ्या खुर्चीत. डॅकची धार खाली आणून मूळ जागी ठेवली आणि ती बैठक लावली. "सांग," म्हटलं, "सारंगी येते का?"

"येते की." ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सूर लागायच्या आधी जरा खरखरतं बघा. तेही येतंय. किती गोड आहे ते."

त्या खरखरीबद्दल मी तिला आयुष्यात एक अक्षर बोललो नव्हतो. मी उभा होतो आणि खरं सांगतो, जळलो. तीस वर्षं मी ज्याची वाट बघितली ते तिला बसल्या बसल्या मिळत होतं, वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या वेळेत. बायकोवर असं जळायचं नसतं. पण जळलो. ती डोळे मिटून बसली होती आणि मला तिला तिथून उठवावंसं वाटत होतं.

उठवलं नाही. तुकडा संपेपर्यंत उभा राहिलो. मग ओट्यावर जाऊन त्या कोल्हापूरच्या माणसाला फोन लावला. मी माफी फारशी मागितलेली नाही कोणाची. जहाजावर चीफ माफी मागत नाही, आणि घरी मागायची सवय लागायला मी घरी असायला हवा होतो. त्याने उचलला. मी म्हटलं, "मी रत्नागिरीहून. डबा ठीक आहे. पहिलाही ठीक होता. माझा अहवाल चुकीचा आहे, कंपनीला तसं लेखी पाठवतो. दोष माझ्या कानात आहे. तुमच्या वडिलांवरून बोललो, ती माझी नालायकी. माफ करा."

पलीकडे तो बोलायला लागला. बराच बोलत होता. आवाज येत होता, खालचा, जाड, भिंतीपलीकडून यावा तसा. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते लागेना. रागावला होता की समजावत होता, देव जाणे. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, तिने फोनसाठी हात पुढे केला. मी तो तिला दिला नाही.

"ओ, थांबा," मी म्हटलं. ओरडलोच बहुतेक, कारण रस्त्याने जाणारा एकजण वळून बघायला लागला. बघू दे. "थांबा जरा. मला ऐकू येत नाही. तुम्ही आत्ता जे बोललात त्यातलं मला काहीसुद्धा ऐकू आलेलं नाही. सावकाश, पहिल्यापासून सांगा."